हळदीच्या अलीकडचा रंग

रखमाजी फिटरने टेम्पोतून पोतं खाली टाकलं तेव्हा आत खापरं वाजावीत तसा आवाज आला, आणि कोअरच्या खोलीत वाळू मळत बसलेल्या मनकर्णाबाईने मान वर केली. पोलाद असं वाजत नाही. राधाकृष्णशेठच्या फाउंड्रीत ती पहिल्या दिवसापासून, म्हणजे नऊ वर्षं कामाला होती आणि तिचा नवरा सूर्यभान तिथल्या भट्टीचा मिस्त्री होता. भाकरी करपली की बाईला पाठ करून बसली असतानाही कळतं, तसं पोलादाचं बरंवाईट तिला आवाजावरून कळायचं. हाताची वाळू झटकत ती बाहेर आली.

त्र्याहत्तरचा वैशाख होता. नगरला दौंडच्या रस्त्यावरच्या त्या फाउंड्रीचे पत्रे उन्हाने तडतडत होते. दुष्काळामुळे कारखान्यांना ऊस मिळाला नव्हता, गाळप लवकर आटोपलं होतं, आणि जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर साफसफाईसाठी उघडून ठेवलेले होते. रखमाजी अशाच एका कारखान्याचा फिटर. त्याने पोत्यातून दोन तुकडे काढले आणि शेठच्या पायाशी ठेवले.

तो एक हँगर होता, मधोमध तुटलेला. बॉयलरच्या पोटात वाफेच्या नळ्या ज्याला टांगलेल्या असतात तो हातभर लांबीचा, एका टोकाला भोक असलेला जाड आकडा म्हणजे हँगर. बिचाऱ्याने हंगामभर रात्रंदिवस विस्तवात उभं राहायचं आणि वर नळ्यांचं ओझंही पेलायचं. साधं लोखंड तिथे एका हंगामात पोपडे धरून गळून पडतं. म्हणून हँगरचा धातूच निराळा: शंभर भागांत पंचवीस भाग क्रोमियम, बारा भाग निकेल, चिमूटभर कार्बन, जरासं सिलिकॉन आणि बाकीचं लोखंड. क्रोमियम त्याला जळू देत नाही, निकेल त्याला आगीत चिवट ठेवतं, आणि कार्बनमुळे लाल झाला तरी तो ओझ्याखाली लांबत नाही. या सगळ्याचं माप सूर्यभानच्या हातात होतं, आणि नगरपासून कोपरगावापर्यंत त्या हाताचं नाव होतं.

"शेठ, आमच्या चीफ इंजिनिअर सायबांनी चिठ्ठी दिलीय," रखमाजी म्हणाला. त्याच्या तोंडावर ओशाळेपण होतं, पण निरोप त्याने पुरा सांगितला. "मागल्या साली तुमी सहा नवे हँगर दिलं, त्यातला ह्यो. माळ्यावरनं खाली टाकला अन् माठावानी फुटला. नशीब, खाली कोन नव्हतं. चुंबक लावला तर चिकटतोय. खरं स्टेनलेस चुंबकाला चिकटत न्हाई, हे भांडी घेनाऱ्या बायांना बी ठावं हाय. सायेब म्हनत्यात, नगरवाल्यांनी निकेल खाल्लं."

निकेल खाल्लं! शेठचा चेहरा उतरला. भट्टीकडून हात पुसत येणारा सूर्यभान जागच्या जागी थांबला. पन्नाशी ओलांडलेला, उंचापुरा, भुवया आगीच्या झळांनी कायमच्या विरळ झालेला माणूस. त्याला कोणी आळशी म्हटलं असतं तर तो हसला असता, तापट म्हटलं असतं तर त्याने कबूल केलं असतं. पण धातूत खोट? तो खाली बसला, तुकडा मांडीवर घेतला आणि तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिला.

"कानस आना," तो म्हणाला.

कानशीने त्याने तुकड्याची काळी कातडी रुपयाएवढ्या जागेत घासली. नजर समोर कुठेतरी होती, काम बोटं करत होती. आत पांढरं पोलाद लागलं. "आता लाव तुझा चुंबक."

रखमाजीने चुंबक लावला. तो घसरून खाली पडला.

"वरची कातडी जळून जळून बिघडती, ती चिकटती. आतलं निकेल जाग्यावर हाय. आमी न्हाई खाल्लं."

"मान्य, मिस्त्री," रखमाजी म्हणाला. "पर मग ह्यो फुटला कशानं?"

सूर्यभान तुकडा पुन्हा उलटसुलट करून चाचपू लागला. मनकर्णाने त्याची मान खाली गेलेली पाहिली.

कानिफनाथ तेवढ्यात ऑफिसातून आला. हा तिसगावचा तरुण इंजिनिअर, पुण्याहून शिकून दोन वर्षांपूर्वी इथे लागलेला. मिस्त्रीला मामा आणि मनकर्णाला मामी म्हणायचा, आणि पुस्तकातलं काही सांगायचं झालं की आधी दोनदा घसा खाकरायचा. त्याने तुटलेली बाजू उन्हाकडे धरून पाहिली. "मामा, हा बरीच वर्षं विस्तवात राहिलेला असता तर मला कारण सांगता आलं असतं. पण एका हंगामात असं होत नाही. नंबर कुठाय याच्यावर?"

"नंबर जळून गेला," रखमाजी म्हणाला. "पर मागल्या सालचाच. त्याच बाजूनं काढला मी."

मनकर्णा पुढे झाली. बाप्यांच्या बोलण्यात ती सहसा पडत नसे. तिने भोकाचा तुकडा उचलला, पदराने भोक आतून पुसलं आणि बोट घातलं. मग हळूच हसली.

"ह्यो मागल्या सालचा न्हाईच. ह्यो पयल्या खेपंचा हाय. चौसष्टचा."

"कशावरून, बाई?" शेठने विचारलं.

"बोट घालून बघा की."

ओतकामात जिथे पोकळी हवी तिथे आधी वाळूचा भाजलेला गोळा बसवतात, त्याला कोअर म्हणायचं. त्या कोअर बायका करायच्या. वाळूत साखर कारखान्याची मळी आणि जवसाचं तेल घालून मळायची, साच्यात दाबायची आणि भाजायची. या मळीपायी मनकर्णाच्या हाताला कायम गुळचट वास असायचा आणि घरी तिच्या अंथरुणाला मुंग्या लागायच्या. 'साखर कारखाना काढलाय हिनं घरात,' असं सूर्यभान चिडवायचा. तर पहिल्या वर्षी प्रत्येक बाई आपल्या कोअरवर खूण उठवायची, म्हणजे कोणाचा कोअर फुटला ते कळावं. मनकर्णाच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते. तिची खूण तीच: काडीने दाबलेले तीन ठिपके. पुढच्याच वर्षी शेठने नंबर घालायला सुरुवात केली आणि खुणा बंद पडल्या.

भोकात तीन ठिपके होते. भोकात बसणाऱ्या खिळीच्या आड राहिल्याने जळायचे वाचलेले, ज्वारीच्या दाण्याएवढे तीन उंचवटे. शेठने हात घालून पाहिलं, रखमाजीने पाहिलं. सूर्यभानने सगळ्यांत शेवटी बोट घातलं आणि जरा जास्तच वेळ ते आत ठेवलं.

कानिफनाथने दोनदा घसा खाकरला. "मग सगळं जुळतं. हा धातू वर्षानुवर्षं त्या लाल आचेत राहिला की त्याच्या आत एक कठीण, ठिसूळ दाणा तयार होतो. क्रोमियम आणि लोखंड मिळून. गंमत अशी की आगीत असेपर्यंत त्याचं काही बिघडत नाही. ओझं पेलतो, वाकत नाही, तुटत नाही. पण गार झाला की काच. तेव्हा त्याच्यावर घाव घालायचा नाही, वरून टाकायचा नाही. तुम्ही नेमकं तेच केलंत, रखमाजी."

"आमी नऊ वर्सं असंच टाकतोय की! फुटत नव्हता म्हनून तर टाकत हुतो."

"आणि फुटायला लागला तेव्हा नाव मामांचं घेतलंत. याला औषध आहे. लाल आचेच्या बरंच वर, हजार अंशांच्या पुढे तापवायचा, तासभर तिथेच धरायचा आणि चटकन पाण्यात सोडायचा. तो दाणा विरघळून जातो. मग घाव घाला, पुन्हा चिवट."

शेठने तिथल्या तिथे ठरवलं. सोमवारी चीफ इंजिनिअर साहेबांना बोलवायचं आणि हे त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवायचं. नाहीतर येत्या हंगामाच्या चोवीस हँगरची ऑर्डर गेलीच, शिवाय 'निकेल खाल्लं' ही बोंब जिल्हाभर व्हायला आठ दिवस पुरे होते.

"एकच अडचण आहे," कानिफनाथ म्हणाला. "आच मोजायचं यंत्र दुरुस्तीला मुंबईला गेलंय. आच कमी पडली तर ठिसूळपण जाणार नाही. जास्त झाली तर तुकडा खराब होईल. रंगावरून ओळखावं लागेल."

"मग झालंच की," शेठ म्हणाले. "मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे यंत्राची काय मातब्बरी? काय मिस्त्री?"

"करतो," सूर्यभान म्हणाला.

मनकर्णाच्या हातातला तुकडा पडता पडता राहिला.

कारण त्याच्याखेरीज जगात फक्त तिलाच ठाऊक होतं की सूर्यभानला रंग दिसत नव्हते. तीस वर्षं निळ्या काचेतून आणि कधी काचेशिवाय त्याने आगीत डोळे घातले होते, आणि आगीने आपला हिशेब पुरा केला होता. गेल्या वर्षीच्या शिमग्याला तिला कळलं. होळीत नारळ टाकायला तो पुढे झाला आणि नारळ होळीच्या चांगला हातभर बाहेर पडला. लोक हसले, तोही हसला. मग ती लक्ष ठेवू लागली. तो चटणी आणि खोबरं हाताने चाचपून ओळखायचा. दिव्याकडे बघून डोळे मिटायचा. ती हिरव्या लुगड्यात गेली काय नि तांबड्या लुगड्यात गेली काय, त्याला सारखंच.

भट्टीवर मात्र कोणाला पत्ता लागला नव्हता, कारण वितळलेल्या धातूला तो सळईने ओळखायचा. सळई बुडवायची, मनात आकडे मोजायचे, काढायची. टोक किती वितळलं ते बोटांना कळतं. पण घट्ट तुकडा तापवायचा तर तिथे सळई काय करणार? तिथे रंगच बघावा लागतो.

तो कोणालाच सांगत नव्हता, तिलाही नाही. सांगितलं असतं तर भट्टी सुटली असती, शेठने त्याला माणुसकीने दारावर पहारेकरी म्हणून बसवलं असतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत त्याने उरलेलं आयुष्य काढलं असतं. आणि आपल्याला कळलंय हे ती त्याला सांगत नव्हती. सांगितल्यावर त्याच्या तोंडावर जे दिसेल ते बघायची तिची छाती नव्हती. दीड खोलीच्या संसारात दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते. नवराबायकोच करू जाणे असला खुळेपणा.

रविवारी तो जेवला नाही. मनकर्णाने त्याच्या आवडीचं शेंगोळ्याचं कालवण केलं होतं. ते तसंच राहिलं.

"माझा धातू खोटा न्हाई," तो भिंतीला टेकून म्हणाला. "नऊ वर्सं उभा ऱ्हायला त्यो. नऊ वर्सं."

"मला ठावं हाय. माझी खून हाय त्याच्यावर."

"उद्या घड्याळ लावून करतो. तेल सोडल्यापास्नं दीड तास, मग वर एक तास. बसंल बरुबर." तो तिला सांगत नव्हता, स्वतःलाच समजावत होता. तेलाच्या भट्टीची आच वाऱ्यावर हलते, तेलाच्या जाडीवर हलते. घड्याळाला तिचा काय पत्ता? हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मनकर्णाला रडू येत होतं. तिने ते शेंगोळ्यांवर झाकण ठेवण्यात घालवलं.

सोमवारी सकाळी साहेब जीपमधून आले. पांढरा सदरा, कपाळाला आठी, आणि बरोबर रखमाजी. खुर्ची दिली तर बसले नाहीत. दुष्काळाने फाउंड्रीचा हौद कोरडा ठणठणीत होता, म्हणून कोअरच्या खोलीतल्या बायकांनी आपापल्या वाट्याची एकेक घागर आणून लोखंडी पिंपात ओतली होती. नंतर ते पाणी वाळू मळायला वापरायचं असं ठरलं होतं. पाणी फुकट घालवायचे दिवस नव्हते.

आधी कानिफनाथने एका तुकड्याचं टोक ऐरणीवर ठेवून घणाचा एकच घाव घातला. खळ्ळ! टोक तुटून उडालं. साहेबांनी 'बघा' अशा नजरेने शेठकडे पाहिलं. उरलेला दुसरा तुकडा, तीन ठिपक्यांचा, भट्टीत गेला.

सूर्यभान तेलाच्या चावीवर हात ठेवून भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला, डोळ्यांवर निळी काच. भट्टी घुमू लागली. अर्धा तास गेला, तास गेला. मनकर्णा कोअरच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती, आणि तिथून तिला दिसत होतं की नवऱ्याच्या मानेवरची शीर उडतेय. शेवटी तिने हातात पाण्याचा तांब्या घेतला आणि सरळ भट्टीपाशी गेली.

भट्टी चालू असताना बाईमाणसाने तिकडे फिरकायचं नाही असा त्या फाउंड्रीत नियम होता. एकदा उडालेल्या धातूने एका बाईचा पाय भाजला, तेव्हापासूनचा. नियम खुद्द सूर्यभानने केला होता. नऊ वर्षांत मनकर्णाने तो एकदाही मोडला नव्हता.

"पानी आनलं," ती म्हणाली. मग भट्टीच्या खिडकीतून आत पाहिलं आणि कोणाला म्हणून नाही अशी बोलली, "अगं बाई! डाळिंब फोडल्यावानी दिसतंय की!"

चावीवरचा हात थबकला.

तीस वर्षं तो रोज संध्याकाळी घरी येऊन भट्टीचं वर्णन करत आला होता. आज डाळिंबावर अडकली, आज शेंदरापर्यंत गेली, आज झेंडू फुलला. दुसऱ्या कुणा बाईने कान मिटून घेतले असते. मनकर्णाने ते भाकरी थापता थापता ऐकून घेतलं होतं, आणि एवढ्या वर्षांत ते तिचंही झालं होतं.

सूर्यभानने मान वळवली नाही. पण तेल वाढवलं.

"आता शेंदूर," ती थोड्या वेळाने पुटपुटली. "कडंला अजून डाळिंबच हाय."

त्याने वारा जरा कमी केला. त्याला कळलं होतं. तिला कळलंय, हे त्याला कळलं होतं.

"बाई, बाजूला व्हा!" शेठचा आवाज आला. साहेबांसमोर ढिलाई दिसू नये म्हणून तो जरा चढलेलाच होता. "मिस्त्री, तुमचाच नियम ना? तिला आत पाठवा."

मनकर्णाने पदर सावरला. जाण्यावाचून इलाज नव्हता. ती दोन पावलं मागे सरली असेल नसेल, तोच सूर्यभानने डोळ्यांवरची काच काढली.

"तिला जाऊ देऊ नगा, शेठ."

"अहो, पण नियम..."

"नियम माझा हुता, मीच मोडतो. तिच्याबिगर मला रंग दिसत न्हाई." पुढचं तो एका दमात म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. साल उलटून गेलं. मी कुनाला बोललो न्हाई, बायकूला बी न्हाई. घड्याळावर मारून नेनार हुतो. पर ह्यो तुकडा गेला तर माझा धातू खोटा ठरंल. माझे डोळे खोटे ठरू द्या, शेठ. धातू न्हाई."

भट्टीची घुमघुम तेवढी चालू होती. कोअरच्या बायका दारात जमल्या होत्या. मनकर्णाला वाटलं, धावत जाऊन या माणसाला पदराखाली घ्यावं.

साहेब पुढे आले. "म्हणजे आता ही बाई मला आच सांगणार?"

"डोळे तिचे, हात माझा," सूर्यभान म्हणाला. "घन तुमच्या मानसाच्या हातात द्या. फुटला तर बोला."

साहेबांनी क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.

"सांग," सूर्यभान म्हणाला.

"शेंदूर. समद्या अंगानं."

तेल वाढलं. "आता?"

"झेंडू. तांबडा झेंडू." तिचा चेहरा तापून निघाला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने पापणी हलू दिली नाही. "आता पिवळट व्हायला लागलाय. हळदीकडं चाललाय."

"हळद न्हाई पायजे, हळद झाली की जास्त झालं. हळदीच्या अलीकडं."

"अलीकडं म्हंजे किती? झेंडू आन् हळदीच्या मदी लई जागा हाय, अवो!"

तो गोंधळला. असा रंग, ज्याला नाव नाही, तो दुसऱ्याला कसा सांगायचा? हात चावीवर होता, भट्टी चढत होती, आणि सगळी फाउंड्री त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तो म्हणाला, भट्टीच्या वरताण मोठ्याने म्हणाला, कारण हळू बोलून तिला ऐकू गेलं नसतं:

"आपल्या लग्नात तुला हळद लावली अन् लिंबाखाली पाटावर बसवली. मावळतीचं ऊन आलं हुतं, तुझ्या पिवळ्या लुगड्यावर पडलं हुतं. मी मांडवाच्या खांबाआडनं बघत हुतो. त्यो रंग. त्यो आला की सांग."

दारातल्या बायकांपैकी छबूबाईने तोंडाला पदर लावला. मनकर्णा चव्वेचाळीस वर्षांची होती, सोयरीक झालेल्या मुलीची आई होती, आणि भट्टीसमोर उभी राहून ती नव्या नवरीसारखी लाजली. तो बघत होता? जामखेडकडच्या त्या गावात, त्या लिंबाखाली, चौदा वर्षांची ती मान खाली घालून बसली होती आणि तिला वाटलं होतं की नवरदेवाने आपल्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. तीस वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

तो रंग तिला आठवला. मांडीवर पडलेला, हळदीचा पण उन्हाने जरा तांबूस केलेला. तिने खिडकीतून आत पाहिलं.

"थांबा," ती म्हणाली. "आला. ह्योच."

सूर्यभानने चावी तिथेच धरली. मग तासभर ते दोघं तसेच उभे होते. "उतरतोय," ती म्हणायची, तो चावी केसभर उघडायचा. "चढतोय," ती म्हणायची, तो मिटायचा. छबूबाईने दोनदा येऊन मनकर्णाच्या डोळ्यांना ओला पदर लावला. नियम काय, आता मोडलाच होता.

"वेळ झाली," कानिफनाथ म्हणाला. चिमट्याने तुकडा बाहेर आला, एवढा उजळ की सगळे मागे सरले, आणि पिंपात गेला. पाणी किंचाळलं, वाफेचा लोट पत्र्याला भिडला. दहा-बारा घागरींच्या पाण्याचा खळखळाट थांबला तेव्हा तुकडा ऐरणीवर आला. घण रखमाजीच्या हातात होता.

पहिला घाव. टण्ण! घंटेसारखा आवाज घुमला. तुकडा शाबूत. दुसरा घाव. तिसऱ्याला रखमाजीने सगळा जीव लावला आणि घणच हातातून उसळला. तुकड्याला चपटा खळगा पडला होता, टोक बोटभर वाकलं होतं, पण चीर म्हणाल तर केसाइतकीही नव्हती.

सूर्यभानने बघण्याचा प्रयत्नच केला नाही. त्याने डोळे मिटून घेतले होते. आवाजावरूनच त्याला समजलं, आणि मिटल्या डोळ्यांतून दोन धारा विरळ भुवयांखालून खाली आल्या.

साहेब उठले. त्यांनी भोकात बोट घालून तीन ठिपके चाचपले, मग मनकर्णाच्या हनुवटीकडे पाहिलं आणि हात जोडले. "चिठ्ठीतला तो शब्द मी मागे घेतो, मिस्त्री," ते म्हणाले. "आणि रखमाजी, यापुढे जुने हँगर दोराने खाली सोडायचे. टाकायचे नाहीत."

शेठ मनाने मोठे होते. त्याच दिवशी त्यांनी सांगितलं की पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं, तोवर भट्टीची खिडकी मनकर्णाबाईंची आणि चावी मिस्त्रींची. दारावर बसवायची भाषा कोणी काढली नाही.

संध्याकाळी दोघं पायी घरी निघाले. तो नेहमी पुढे चालायचा, आज बरोबरीने चालत होता.

"तुला कवापास्नं ठावं हुतं?"

"गेल्या सालच्या शिमग्यापास्नं. नारळ भाइर पडला तवा."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोललात?" ती म्हणाली. थोडं चालल्यावर तिने हळूच जोडलं, "भ्या वाटायचं. वाटायचं, मी बोलले तर तुमी मोडून पडाल."

रस्त्यात दगड आला तेव्हा तिने त्याचा हात धरला, आणि तो दगड गेल्यावरही सोडला नाही.

"पर काय वो," ती हसू दाबत म्हणाली, "हळदीची गोस्ट सांगायला तीस वर्सांत दुसरा मुहूर्त गावला न्हाई? चीफ इंजिनिअरच्या म्होरंच सांगायची हुती?"

"गप चल," तो म्हणाला. आणि लाजला.

ऑपरेशन आषाढात झालं. एकाच डोळ्याचं, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी करायचं होतं. आठ दिवस डोळ्याला पट्टी, मग महिना-दीड महिना हिरवी झापड. भादव्यात जाड भिंगाचा चष्मा मिळायचा होता. त्या दिवशी कानिफनाथ त्याला घेऊन दवाखान्यात गेला आणि मनकर्णा मागे थांबली. तिने ट्रंकेच्या तळातून ते लुगडं काढलं. तीस वर्षांनी हळद पार विटून गेली होती, घडीवर चिरलं होतं, एका कोपऱ्याला झुरळांनी नक्षी काढली होती. तिने ते नेसलं आणि दारातल्या पायरीवर जाऊन बसली. शेजारणी काय म्हणतील याचा विचार तिने केला नाही असं नाही. केला आणि सोडून दिला.

मावळतीचं ऊन आलं तेव्हा सूर्यभान कोपऱ्यावरून वळला. भिंगाआड त्याचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. पायरीपाशी येऊन तो थांबला. बराच वेळ बघत राहिला: लुगडं, त्यावरचं ऊन, हनुवटीवरचे तीन ठिपके, आणि त्याच्या नकळत पांढरे झालेले तिचे कानाजवळचे केस.

"आला का रंग?" तिने विचारलं.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. भट्टीच्या खिडकीतून बघताना वाकायचा तसा जरा वाकला.

"उतरलाय थोडा," तो म्हणाला. मग तिच्या शेजारी पायरीवर टेकला आणि तिचा मळीचा वास असलेला हात आपल्या हातात घेतला. "ऱ्हाऊ दे. आता तासभर असाच धरू."